दारातले चार जोड

सोमवार, १० सप्टेंबर २००७

दार वाजलं. उघडलं नाही.

परत वाजलं. मी कांदा चिरत होतो, सुरी हातात तशीच. श्वास धरून उभा — राहत्या घरात! मग दाराखालून एक कार्ड आत सरकलं. माझ्या नातीच्या, आशूच्या शाळेचं नाव, कुणा माणसाचं नाव, फोन नंबर. इंग्रजी वाचता येतं मला. लावायला वेळ लागतो एवढंच.

शैलेंद्रला फोन केला. म्हणाला, "अण्णा, घाबरू नका, रुटीन असतं." घाबरू नका म्हणणारा माझा मुलगा स्वतः कुजबुजत होता. ऑफिसात होता म्हणून असेल.

बुधवार, १२ सप्टेंबर

डोक्यातून जात नाही. लिहून टाकतो.

भानगड अशी. इथं टेक्ससात कायदा आहे. शाळेत जी पोरं पहिल्या दहा टक्क्यांत येतील त्यांना सरकारी युनिव्हर्सिटीत सरळ प्रवेश. ऑस्टिनच्या मोठ्या युनिव्हर्सिटीतसुद्धा. वशिला नाही, मुलाखत नाही. चांगला कायदा आहे. पण शैलेंद्रच्या शुगर लँडच्या घराजवळच्या शाळेत सगळी हुशार पोरं कोंबून भरलेली. आपली, चिनी, सगळी. आशू तिथं कितीही राबली तरी दहा टक्क्यांत बसेना.

मग यांनी काय केलं — इकडे लांब, दुसऱ्या शाळेच्या हद्दीत, हा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. शाळेला लिहून दिलं, आई-बाप, मुलगी, आजोबा, चौघं इथंच राहतो. राहतो आम्ही दोघं. मी आणि माझी नात. गेलं वर्षभर. सून रविवारी येऊन भाज्या करून ठेवते. शैलेंद्र मधेच येतो, टपाल घेतो, जातो. पत्ता खोटा निघाला तर शाळेतून नाव काढतात. मग रँकही गेली आणि प्रवेशही.

मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बरोबर नाही. "अण्णा, सगळे करतात." संगमनेर डेपोला सगळी नोकरी कंडक्टरची केली. प्रत्येक बिनतिकीटवाला मला हेच सांगायचा.

पण आलो राहायला. पोरीला एकटं कोण ठेवणार?

रविवार, १६ सप्टेंबर

गणपतीला शुगर लँडला गेलो. काल बसवला, आज आरतीला गर्दी. आशूने आत्या-काकू सगळ्यांना नमस्कार केले आणि वरच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. सुकलीय पोरगी. नखं खाते. सतरा वर्षांच्या मुलीची बोटं अशी असतात का?

शैलेंद्रच्या ऑफिसातला अनिल भेटला. त्याला सगळं माहीत. "काय काका! इकडे एक बंगला, तिकडे एक महाल. जहागीरदार झालात!"

मी म्हटलं, "महालात गरम पाणी येत नाही, ये बघायला."

"जपून राहा हं. सापडलात तर तुमचं ग्रीन कार्ड काढून विमानात बसवतील!" आणि हसला मोठ्याने. सगळे हसले. मीही हसलो. हातातला मोदक ताटात ठेवला.

गाडीत शैलेंद्रला विचारलं, खरं का रे? "अहो, अनिल काहीही बोलतो." बरं. मग रेखा, आमची सून, खिडकीबाहेर का बघत बसली? बसमध्ये तपासणीवाले चढले की बिनतिकीटवाले असेच बाहेर बघायचे. झाडं मोजल्यासारखे.

गुरुवार, २० सप्टेंबर

आज खाली कपडे धुवायला गेलो. शेजारची ग्लोरिया भेटली. मेक्सिकोची. हॉटेलात खोल्या आवरते. तिची मुलगी मारिसेल आशूच्या वर्गात, दोघी एकाच पिवळ्या बसने जातात. (त्या बसला कंडक्टर नाही! ड्रायव्हरच सगळं बघतो. कसलं चालतंय देव जाणे.) ग्लोरियाला इंग्रजी माझ्याइतकंच. मला 'अबुएलो' म्हणते. आशू म्हणाली, म्हणजे आजोबा. आमचं बरं जमतं. ती माझ्या मशीनचं बटण दाबून देते, मी तिची टोपली वर नेतो. बोलणं नाही, कटकट नाही.

मंगळवार, २५ सप्टेंबर

आला. आज उघडलं.

उंच, पांढरे केस, गळ्यात शाळेच्या ओळखपत्राची पट्टी. सभ्य माणूस. तेच वाईट. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. "हाऊ मेनी पीपल लिव्ह हिअर?" चार बोटं दाखवली. शिकवून ठेवलंय मला. मग त्याने खाली बघितलं. दाराशी आमचे जोड. माझ्या चपला आणि आशूच्या सपाता. बस्स.

"फोर?"

"वर्क," मी म्हटलं. "सन वर्क. डॉटर-इन-लॉ वर्क."

त्याने मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं, परत येईन म्हणाला.

दार लावलं आणि तिथंच खाली बसलो. आयुष्यभर लोकांना उतरवलं मी. आडरानात, उन्हात. "चल, उतर." कधी वाटलं नाही की त्या माणसाच्या पोटात काय होत असेल. आज कळलं.

बुधवार, २६ सप्टेंबर

रेखा कामावरून थेट आली. पिशवीत शैलेंद्रचे काळे बूट, तिचे सँडल. म्हणाली, "अण्णा, हे कायम दारात ठेवायचे. चौघांचे चार जोड दिसले पाहिजेत."

"चपला ठेवल्याने माणूस राहतो का?"

"अण्णा, प्लीज. माझी एकुलती एक मुलगी आहे." डोळे भरले तिचे. ओळीने लावले.

आशू शाळेतून आली, ओळीकडे बघितलं. "व्हॉट इज धिस, शू स्टोअर?" म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. नळ सोडून बसली. पाणी वाहतंय, ती रडतेय. मी बाहेर उभा. भजी तळली. खाल्ली नाही.

मंगळवार, २ ऑक्टोबर

कुणी आलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी रेडिओ बंद करतो. का करतो? रेडिओ ऐकणं गुन्हा नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर



सकाळी साडेसहाला दार! एवढ्या लवकर कधी आले नव्हते. आशू दप्तर भरत होती. तिचा चेहरा पांढराफटक. मी खूण केली, आत जा. उघडलं. तोच.

"गुड मॉर्निंग. आर द पेरेंट्स होम?"

आणि मी मूर्ख — पाठ केलेलं तेच बोललो. "वर्क. बोथ वर्क."

त्याने खाली बघितलं. चार जोड. झकास ओळीत. शैलेंद्रचे बूट, रेखाचे सँडल, सगळं हजर. बघतच राहिला. मग अगदी हळू विचारलं, "दे वेंट बेअरफूट?"

मेलो. आपल्याकडे दारात चप्पल म्हणजे माणूस घरात. शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आम्ही तीन शहाण्या माणसांनी मिळून हे केलं! शैलेंद्रच्या बुटांवर धूळ — तीही त्याला दिसली.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. ग्लोरिया, कामावर निघालेली. एका नजरेत तिला सगळं कळलं. मधेच घुसली. "फोर! फोर पीपल! आय सी एव्हरी डे!" मग रेखासारखं चालून दाखवलं, स्वतःच्या पायाकडे बोट — "हॉस्पिटल, व्हाइट शूज" — कामाचे बूट वेगळे असतात म्हणून. रेखा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे हे तिला आशूने कधी सांगितलं असेल. शैलेंद्रच्या बुटांकडे बघून हात उडवला, "ओल्ड! ओल्ड!"

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला, माझ्याकडे बघत राहिला. कागदावर खूण केली. "ओके. हॅव अ गुड डे."

वाचलो. मग का बरं वाटत नाही?

बुधवार, १० ऑक्टोबर

शिरा केला, बेदाणे घातले, डबा भरून ग्लोरियाकडे गेलो. आशूला बरोबर नेलं. तिला शाळेत स्पॅनिश आहे.

ग्लोरियाने चमच्याने खाल्ला, डोळे मिटले. मग आशूला काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, सांग काय म्हणते ती.

"ती म्हणते, तिला माहितीये आपण दोघंच राहतो. पहिल्यापासून."

"मग खोटं का बोलली?"

आशूने विचारलं. ग्लोरियाचं उत्तर लांबलचक. आशूने थोडक्यात सांगितलं — तिच्या बहिणीच्या मुलांना असंच पत्त्यावरून शाळेतून काढलं होतं. वर्षाच्या मधेच. "ती म्हणते, आपल्यासारख्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायला पाहिजे."

आपल्यासारख्यांनी. शुगर लँडला आमचं चार बेडरूमचं घर आहे. हे मी आशूला स्पॅनिशमध्ये सांगायला लावलं नाही.

मारिसेल आतल्या खोलीत अभ्यास करत होती. बाहेर येऊन हसली, शिरा घेऊन परत आत गेली. ती पण नखं खाते.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

रँक लागली. वर्गात तीनशे पोरं, पहिल्या तिसांना प्रवेश. आशू तिसावी! शेवटची सीट, पण बसली!

शैलेंद्र फोनवर ओरडला. माझा मुलगा ओरडताना मी लग्नातही ऐकला नव्हता. रेखा रडली. आशू "या, कूल" म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

आशू बसमधून उतरली ती एकटी. मारिसेल मागून, लांबून चालत येत होती. रोज जोडीने येतात.

विचारलं तर म्हणे काही नाही. पोळी खा म्हटलं, खाईना. मग एकदम बोलली. "आजोबा, शी इज थर्टी-वन."

"कोण?"

"मारिसेल. मी तिसावी, ती एकतिसावी. आय ॲम इन हर स्पॉट." ऑस्टिन सोडून दुसरीकडे कुठे जायचं ग्लोरियाला परवडणार नाही, स्कॉलरशिपही त्या प्रवेशावरच होती. मारिसेलला आशूची रँक माहीत नाही. आशूने सांगितली नाही. "मला शाळेत जाऊन सांगायचंय. पण मी सांगितलं तर बाबा... मम्मा... आय कान्ट, आजोबा. आय ॲम सो स्केअर्ड." माझ्या सदऱ्याला तोंड लावून रडली. लहानपणी रडायची तशी.

मी काय म्हटलं? म्हटलं, हात धू, जेवून घे.

तिकीटवाली उभी आणि बिनतिकीटवाली बसलेली. आणि बसवली कुणी? मी. चार बोटं दाखवून.

रविवार, २१ ऑक्टोबर

दसरा. शुगर लँडला पन्नास माणसं. शैलेंद्रने पेढे वाटले. अनिल म्हणाला, "काका, आयडिया तुमचीच असणार! कंडक्टरला सीट कुठे रिकामी असते ते बरोब्बर माहीत!" टाळ्या पडल्या.

शैलेंद्र इतका खूष की मला मिठी मारली त्याने. माझा मुलगा. "अण्णा, तुम्ही नसता तर झालं नसतं."

त्याच्या तोंडाकडे बघवेना. परत येताना गाडीत आशू झोपली होती — का डोळे मिटून होती, कुणास ठाऊक. मी खिडकीबाहेर बघत होतो.

ग्लोरियाच्या दाराशी सोनं म्हणून आपट्याचं एक पान ठेवलं. अनिलच्या आईने नगरहून पाठवलेलं, सुकून खडखडीत झालेलं.

सोमवार, २२ ऑक्टोबर

आशूची बस गेली आणि कार्डावरचा नंबर फिरवला. "टू पीपल लिव्ह हिअर. ओन्ली टू. आय टेल लाय. नॉट नेबर लेडी. मी." त्याने सगळं हळूहळू परत विचारलं, मी परत सांगितलं.

बूट, सँडल पिशवीत भरले.

चारला आशू आली. दारात फक्त माझ्या चपला आणि तिच्या सपाता. बघत उभी राहिली. मग आपले बूट काढून शेजारी ठेवले.

"आजोबा, बाबांना कोण सांगणार?"

चहा टाकलाय. शैलेंद्र सहाला येतो.