देवयानीजवळचा ठिपका

सिल्वासा,
सर्वपित्री अमावास्या

प्रिय मधू,

सवयीने आधी ‘चि.’ लिहिलं होतं, मग खोडलं. धाकट्या भावाला चिरंजीव लिहायची सोय तू ठेवली नाहीस, तेव्हा पहिला राग त्याचाच.

असो. तिकडे सगळे कसे आहेत? आईचे गुडघे आता तरी धरत नाहीत ना? बाबांचा दमा? रात्र उशीला टेकून काढावी लागते की सुटले बिचारे? आमचे हे भेटले असतील, तर त्यांच्या साखरेकडे लक्ष ठेव. गोड मागतील, देऊ नकोस. आणि तुझ्या छातीत पुन्हा काही? विचारून काय उपयोग म्हणा! इथे विचारायचे तेव्हाही ‘काही नाही गं अक्का, गॅस आहे’ म्हणून हात झटकायचास.

इकडे तुझी सुनंदा बरी आहे, रक्तदाबाची गोळी न चुकता घेते. शेजारच्या निंबाची सर्दी कायमचीच. राखोलीच्या धाग्याच्या कंपनीतला गारठा मानवत नाही त्याला. माझं म्हणशील तर डोळे सोडून सगळं धड आहे. डोळे कोणामुळे गेले, ते पुढे येईलच.

लिहायला बसले कारण समोर तुझा फोटो वाळतो आहे. तुझा म्हणजे तू काढलेला, दुधनीच्या तलावाकाठून टिपलेल्या देवयानीचा, आभाळातल्या तुझ्या त्या लाडक्या दीर्घिकेचा. माझ्या हातात बारीक ब्रश आहे, वाटीतली शाई सुकायला लागली आहे आणि फोटोत एक पांढरा ठिपका आहे. त्यावर शाई लावू की नको? उद्या सकाळी चौकटवाला येणार. तुझ्या वर्षश्राद्धाला भिंतीवर हार घातलेला तुझा चेहरा नको, हाच फोटो लावायचा, असं सुनंदाने ठरवलं आहे. हो, त्याच सुनंदाने! लक्ष्मीपूजनाचा प्रसाद हातावर घेऊन तू कॅमेऱ्यासकट दुधनीला पळायचास आणि जी दारात उभी राहून तुझ्या पाठीला बोल लावायची, तिने. तेव्हा तुझी ही शेवटची वस्तू माझ्या हातून बिघडता कामा नये. बसलेय त्यामुळे घाम पुसत.

तुझ्या मागे दोन रोल राहिले होते, न धुतलेले. फ्रीजमध्ये, कढीपत्त्याच्या डब्याशेजारी. पहिला सुनंदाने बाजारातल्या स्टुडिओत दिला. जयंतीभाई भला माणूस. दोन दिवसांनी स्वतः घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला, “बेन, आमां तो कंई नथी.” काही नाही कसं? मी पट्ट्या ट्यूबलाइटसमोर धरल्या, तर बारीक काळे कण होते की. पण निगेटिव्हवर तुझं आभाळही कोरं आणि दोन फोटोंमधली जागाही कोरी! माणसांच्या फोटोत कुठला कुठे संपतो ते दिसतं. इथे त्याने बिचाऱ्याने अंदाजाने कात्री चालवली आणि देवयानी बरोबर पोटातून कापली गेली.

त्याला काय बोलणार? तुलाच बोलते. रोलच्या सुरुवातीला दिवसाउजेडी सुनंदाचा एक फोटो काढला असतास, तर कात्रीला माप मिळालं असतं आणि तिलाही बरं वाटलं असतं. आभाळातल्या बाईपायी घरातली बाई एका फोटोलाही महाग!

उरला एक रोल. तो मी कोणाला देईना. म्हटलं, शिकू. सातवी झालेल्या बाईने शिवणयंत्र उघडून दुरुस्त केलंय, रेडिओची तार जोडलीय, फिल्म काय धुता येणार नाही? धुणं आणि धुणं यात एवढा काय फरक!

फरक आहे रे बाबा. तू शिकवून का गेला नाहीस? बारा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत न्हाणीघरात कोंडून घेतलंस, आणि कागदावर एक ओळ नाही. सगळं डोक्यात. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी शब्दकोश घेऊन लावली, तर ती लग्न-मुंजीतल्या फोटोंसाठी. आभाळाला किती वेळ ठेवायचं, ते कोण सांगणार?

जयंतीभाईकडून सरावाचे रोल आणले. आधी निंबाचे फोटो काढले, मोटारसायकलवर बसवून. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला काळा परकर. तुझा लाल दिवा लावला, चकरीवर फिल्म गुंडाळली, औषधात घातली, आणि बाहेर काढली तर काजळीसारखी काळी. लाल दिवा कागदाला चालतो, फिल्मला नाही! एवढं साधं वाक्य तुझ्या तोंडून बारा वर्षांत बाहेर पडू नये?

दुसऱ्यांदा मिट्ट काळोखात केलं. वैशाखाचे दिवस, टाकीतलं पाणी चहासारखं कढत. फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून बोटाला आला. मग बर्फ आणायला लागले. इकडे बादलीत बर्फ, तिकडे दाराबाहेर खांद्यावर टॉवेल टाकून सुनंदा उभी. “वन्सं, तुमचं आभाळ निघालं असेल तर मी आंघोळ करू?” हे रोजचं झालं. मी आतून ओरडायचे की दार उघडलंस तर याद राख. ती म्हणायची, सासूबाईंनीही कधी न्हाणी बंद केली नव्हती.

शेवटी फिल्मवर निंबा निघाला एकदाचा. मुलगी बघायला चालल्यासारखा निघाला, पण निघाला. तेव्हा कुठे तुझ्या रोलला हात लावला. औषधात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, कारण उजेड तोळाभरच असणार हे माझं मलाच कळलं. आच मंद असेल तर डाळीला वेळ लागतोच की. देवाचं नाव घेत उघडला. आलं होतं, मधू! ठिपके होते, आणि मधोमध एक धुरकट डाग, खिडकीच्या काचेवर कोणी हळूच फुंकर मारावी तसा. तीच देवयानी, आख्खी. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून घेतलं.

आता वाटलं, जिंकले. कुठलं काय! कागदावर छापला तर आभाळभर पांढरे ठिपके, शेकड्यांनी. निगेटिव्हवर धूळ बसली की कागदावर पांढरा ठिपका उठतो, तो काळ्या शाईने झाकायचा, हे जयंतीभाईने सांगितलं होतं. मग काय, मी तांदूळ निवडायला बसावं तशी बसले. हा खडा, तो खडा. संध्याकाळपर्यंत फोटो लख्ख झाला. निंबाला दाखवला. त्याने तो दारातल्या उजेडात नेला.

“अक्का, तारे कुठे गेलेत सारे? ढग आलते का?”

मी अर्धं आभाळ पुसून ठेवलं होतं. धूळही पांढरी आणि तारेही पांढरे. ओळखायचं कसं? तू कसं ओळखायचास? चार दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझ्या फोटोला उदबत्तीही लावली नाही.

त्या चार दिवसांत निगेटिव्ह मात्र पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि लक्षात आलं की शेवटच्या दोन चौकटी एकच आहेत. तीच जागा, तोच धुरकट डाग. मला वाटलं, तुझा नेहमीचा विसराळूपणा. निंबा म्हणाला, नाही, सर मुद्दाम काढत; तुला तो अजून सरच म्हणतो. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा सरकवणाऱ्या तुझ्या त्या दोन फळ्यांच्या यंत्राचा स्क्रू तोच फिरवायचा ना, त्याला ठाऊक. एक फोटो दिवाळीच्या अमावास्येचा, दुसरा त्याच्या पुढच्या अमावास्येचा. म्हणजे तू गेलास त्याच्या थोडंच आधी.

मग मी दोन्ही एकावर एक ठेवून काचेवर धरल्या. जरा सरकवल्या, जरा फिरवल्या, आणि एका क्षणी सगळे तारे ताऱ्यांवर बसले. जो दोन्हींत आहे तो तारा. जो एकातच आहे तो कचरा. अरे, एवढंच होतं! शिवाय दोन्ही पट्ट्या चिकटवून एकदम छापल्या तर ती फुंकर बासुंदीसारखी दाटली, कडेपर्यंत पसरली. तुला विसराळू म्हटलं, ते परत घेते. फक्त तेवढंच. बाकीचं सगळं उभं आहे.

तेव्हापासून भिंग लावून एकेक ठिपका तपासते आहे. डोळे त्यात गेले. दोन्हींत आहे, राहू दे. एकात आहे, शाई. सगळं उरकलं आणि आता हा एकच उरलाय.

देवयानीच्या डाव्या बाजूला, थोडा खाली. दुसऱ्या अमावास्येच्या फोटोत आहे, पहिल्यात नाही. नियमाने कचरा. पण धूळ वाकडीतिकडी असते, केसासारखी, कोंड्यासारखी. हा गोल आहे. शेजारच्या ताऱ्यांसारखाच गोल, कडेला तसाच मऊ. ती पट्टी पुन्हा धुतली, दोनदा. हालत नाही. वाळताना आत रुतलेला कण असेल. किंवा त्या महिन्यात तिथे खरंच काही उजळलं असेल आणि तू ते पाहिलं असशील, सांगायला वेळ मिळाला नसेल. मला काय कळणार? झाकला आणि तारा निघाला, तर तुझ्या शेवटच्या फोटोवर मी शाई ओतली. ठेवला आणि धूळ निघाली, तर माझ्या न्हाणीघरातला केर तुझ्या नावाने भिंतीवर चढला.

मघाशी सुनंदा येऊन मागे उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. तिने फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला.

“राहू दे वन्सं. त्यांच्या कुठल्या वस्तूवर धूळ नव्हती?”

आणि आत जाऊन कुकर लावला.

तिचं झालं समाधान. बायकोचं उत्तर आहे ते, चांगलं आहे. पण मला बहिणीचं उत्तर नकोय, बायकोचंही नकोय, मला खरं काय ते हवंय. तुझ्या नादी लागून मलाही हा रोग जडला, बघ!

तरी शाई ओतून टाकली आहे. ब्रश धुतला. फोटो उद्या आहे तसाच जाईल, ठिपक्यासकट.

आणि एक शब्द देते तुला. येत्या दिवाळीनंतरच्या अमावास्येला मी दुधनीला जाणार. निंबाने सुट्टी टाकायचं कबूल केलंय, स्क्रू तो फिरवेल. सुनंदा म्हणते, थर्मास मी भरून देते, मग म्हणाली, मीच येते. तिथूनच, त्याच जागेचा तिसरा फोटो काढीन आणि घरी येऊन धुवीन. ठिपका त्यात असेल तर तारा. नसेल तर काय समजायचं, ते मला अजून कळलेलं नाही, पण मग पुढच्या अमावास्येला चौथा काढीन. पाठ सोडणार नाही.

पण तुला ठाऊक असेल तर मला इतकी वणवण का करायला लावतोस? आईला नमस्कार सांग आणि दोन ओळी लिही. एक शब्द लिहिलास तरी चालेल. पण या वेळी टाळाटाळ नको, लवकर लिही.

तुझ्यावर चिडलेली,
अक्का