डाव्या अंगठ्याचा ठसा

३ फेब्रुवारी

अर्ज परत! "नाव जुळत नाही." बस, एवढंच.

माजी सैनिकांच्या सेवागृहात त्याला खाट मिळावी म्हणून मी चपला झिजवतेय, आणि खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणतो, "बाई, फौजेच्या नोंदीत एक नाव, ओळखपत्रावर दुसरं. हा माणूस नक्की कोण, ते आधी ठरवा." मनात म्हटलं, अख्खा संसार करून मला ते ठरवता आलं नाही, तूच सांग बाबा.

घरी येऊन त्याला विचारलं. भरतीच्या दिवशीच चुकलं होतं म्हणे. लिहिणाऱ्यानं घाईत आडनाव चुकवलं, बापाच्या नावाचीही वाट लावली. मग इतकी वर्षं झोपला होतात का? तर म्हणतो, "तिथं नंबरावर भागतं. नावाचे लाड बायकांना." अर्धांगानं डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण जिभेची धार काही बोथट झाली नाही.

इथं या वहीत नवरा 'तो'. चारचौघांत 'हे', 'यांना'. तेवढी तरी चैन करते.

५ फेब्रुवारी

दुरुस्तीसाठी काय काय हवं, ते कारकुनानं सांगितलं. प्रतिज्ञापत्र. वर्तमानपत्रात जाहिरात. भरतीच्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा आहे, त्याच्याशी ताडून बघायला नवा ठसा. आणि त्याच तुकडीतले दोन साक्षीदार – जिवंत! "जिवंत" असं दोनदा म्हणाला. मेलेले आणून उभे केले असतील कुणीतरी.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, काय ते उरक आणि सूट एकदाची. तुझी खोली रंगवून घेतलीय. खिडकीखाली पलंग टाकलाय." बापाबद्दल एक शब्द नाही विचारला. लग्न होऊन गेली ती गेलीच, या उंबऱ्यात तिनं पुन्हा पाय टाकला नाही. तिची काय चूक!

खिडकीखाली पलंग. आणि कुणी हाक मारायची नाही. देवा, मला झोप हवीय नुसती.

९ फेब्रुवारी

सकाळी अंग पुसताना अंगावर थुंकला. चुकून नाही. वर म्हणतो, "पाणी गार आहे. मुद्दाम आणतेस." पाणी कोमट होतं.

आई गेली तेव्हा मला जाऊ दिलं नव्हतं यानं. "जाऊन काय उठवणार आहेस तिला?" दाराला आतून कुलूप, किल्ली खिशात. पातेलं पुसता पुसता आज अचानक आठवलं, आणि हातातलं पातेलं आपटलं मी. आतून ओरडला, "फोड, फोड सगळं!"

१४ फेब्रुवारी

आज ठसा.

कचेरीच्या पायऱ्या आहेत म्हणून दोन हमालांनी खुर्चीसकट उचलून नेला. वाटेत त्यांनाही शिव्या. एक हमाल माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, घरी पण असंच?" मी म्हटलं, आज जरा लाजतायत.

डावा हात. त्या हाताची मूठ झटका आल्यापासून आवळलेली, लाकडासारखी. डावखुरा तो. या मुठीची आणि माझी जुनी ओळख. कारकून शाईची गादी घेऊन उभा. "बाई, अंगठा बाहेर काढा." मी एकेक बोट उलगडायला लागले. ओरडला. आणखी उलगडलं. रडायला लागला, चक्क डोळ्यांतून पाणी, "नको, नको ग." कारकुनाचा चेहरा उतरला. "हळू, बाई, हळू." पहिला ठसा फिसकटला, दुसरा फिसकटला. तिसऱ्याला उमटला. कारकून म्हणाला, झालं.

मी म्हटलं, साहेब, एक जास्तीचा घेऊन ठेवा. लागला तर असावा.

लागणार नव्हता. मला माहीत होतं. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

२२ फेब्रुवारी

साक्षीदार सापडले! एक बिगुलवाला, तो सेवागृहातच राहतो. दुसरा ड्रायव्हर, त्याला एका डोळ्यानं दिसत नाही. दोघंही आज कचेरीत आले. अधिकाऱ्यानं विचारलं, "ओळखता यांना?"

ओळखता? अहो, दोघांनी खुर्चीला मिठी मारली! बिगुलवाला गुडघ्यांवर बसून याचा पांगळा हात गालाला लावून रडला. ड्रायव्हर सांगत सुटला – तापानं फणफणलो होतो साहेब, बर्फात यानं स्वतःचा स्वेटर मला घातला आणि रात्रभर पाय चोळत बसला. बिगुलवाला म्हणाला, मेजरसाहेबांची अशी नक्कल करायचा की शिक्षा झालेली पोरं पण हसायची. कुणाला घरची आठवण आली की याच्याजवळ जायचं. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, सोन्यासारखा माणूस मिळाला तुम्हाला!"

मी मागे वळून बघितलं. म्हटलं, कुणाबद्दल बोलतायत हे?

आणि तो हसत होता! वाकड्या तोंडानं, खांदे हलवत, लाळ गळत. मी ते हसू कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे होतं त्याच्याजवळ. स्वेटर होता, पाय चोळणं होतं, सगळं होतं. घरी येताना तेवढं तिकडंच ठेवून यायचा.

बिगुलवाल्यानं निघताना सांगितलं, "माझ्या शेजारची खाट रिकामी आहे रे. व्हरांड्यात ऊन येतं. पत्ते खेळू."

अधिकाऱ्यानं सही केली. प्रकरण वर गेलं.

२६ फेब्रुवारी

बदललाय! शिवी नाही, थुंकणं नाही. सकाळी उठला की, "आलं का काही?" दाढी करून मागतो. जुनी ट्रंक पलंगाखालून काढायला लावली आणि उजव्या हातानं स्वतः पुसली. आता खरं नाव लागतंय म्हणून तिच्यावरचं फौजेतलं चुकीचं नाव खरवडून काढ म्हणाला. खरवडलं.

दुपारी शेजारीण येऊन गेली. "किती प्रसन्न दिसतायत हो! तुमच्या सेवेचं फळ." मी म्हटलं, हो ना.

१ मार्च

लेक म्हणते, पडदे कुठल्या रंगाचे लावू? सांगितलं, कुठलेही लाव. ती म्हणाली, "आई, खूश नाहीस का?"

आहे की. खूश का नसेन! पण ताट अर्धं टाकून उठते. तो तिथं उन्हात बसणार. पत्ते खेळणार. सोन्यासारखा माणूस म्हणून मरणार, आणि दहा म्हातारे रडणार. आणि जे माझ्याशी झालं, ते कुठं झालंच नाही. त्याला साक्षीदार नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. असा सुटणार हा. माझ्याच हातानं सुटणार.

४ मार्च

आज त्याची नखं कापत होते. वाट बघत होते, एक शब्द म्हणेल. तुझं कसं होईल, असं तरी. राहवेना म्हणून मीच म्हटलं, "तिथं मी नसणार. चालेल ना?"

म्हणाला, "तेच तर."

आणि हसला. तेच हसू, बिगुलवाल्यापुढचं. मी नखं कापून पुरी केली. पायाचीही.

७ मार्च

कारकुनाचा फोन. आनंदानं ओरडतच होता बिचारा. "बाई, झाली दुरुस्ती! सेवागृहाची मंजुरी पण आली, सोमवारी गाडी पाठवतायत." इतक्या खेपा घातल्या म्हणून त्यालाही माया वाटायला लागली असावी.

मी म्हटलं, "साहेब, हे नाही म्हणतायत. मला सोडून राहवणार नाही म्हणतात."

तो म्हणाला, "या वयात एवढं प्रेम! नशीबवान आहात बाई. बिगुलवाल्यांना मी निरोप देतो." मी म्हटलं, द्या. आणि म्हणावं, भेटायला येऊ नका, यांना त्रास होतो.

८ मार्च

दाढी करून, ट्रंकेवर हात ठेवून बसला होता. "आलं?"

आलं, म्हटलं. नामंजूर. तुमचे दोघे साक्षीदार उलटले. हा तो माणूस नव्हेच, असं लिहून दिलंय दोघांनीही.

ट्रंकेवरचा हात उचलला. मग चाचपडत माझा पदर धरला. "तू आहेस ना?"

आहे ना, म्हटलं. मी कुठं जातेय!