दुधाच्या टेम्पोतून नेलं तुला

प्रिय दादा,

काल तुझं तेरावं झालं आणि आज सुरेश म्हणतो, उद्यापासून तो टेम्पो परत दुधाला जाणार. तुझाच मुलगा. म्हणून लिहितोय. घरात माझं ऐकायला कुणी नाही.

तुला ठाऊक नसेल, तुला स्मशानात आपल्या दुधाच्या टेम्पोतून नेलं. वर झेंडूच्या माळा, पुढे भजनाची कॅसेट. मी आडवा गेलो तर सुरेश म्हणाला, "काका, बाबांचीच गाडी आहे ना? बाबा खूश होतील." तू आणि खूश? जन्मभर त्या गाडीत दुधाच्या कॅनशिवाय सुतळीचा तुकडा चढू दिला नाहीस तू!

बाबा सायकलला कॅन लटकवून अंधेरीच्या तबेल्यातून घाटकोपरच्या हॉटेलांना दूध पोचवायचे. आई ते कॅन कढत पाण्याने धुवायची, आत तोंड घालून वास घ्यायची आणि पुन्हा धुवायची. तू टेम्पो घेतलास तेव्हा तिने एवढंच बजावलं, यात दुसरं काही भरू नकोस. मावशीकडच्या लग्नाची भांडीसुद्धा नेली नाहीस. मावशी किती बोलली होती तुला.

आणि आई गेली तेव्हा? मुलुंडच्या दवाखान्यातून तिला घरी आणायचं होतं, शववाहिका मिळेना. आपले दोन टेम्पो चाळीसमोर धुऊन उभे, आणि तू बाजारातून कांद्याचा टेम्पो बोलावलास. आईच्या अंगाखाली कांद्याची सालं होती रे. अख्ख्या चाळीने नावं ठेवली. मी विचारलं, तुला लाज कशी वाटत नाही? तू म्हणालास, "वश्या, लोक हे दूध पोरांना पाजतात." बस, एवढंच. तेव्हा फार राग आला होता तुझा. अजून थोडा आहे. निदान माझ्यासमोर रडायचं तरी होतंस.

पण आईसाठी जे मोडलं नाही, ते तुझ्यासाठी यांनी का मोडावं?

सुरेश म्हणतो टेम्पो दोनदा धुतला, गोमूत्र शिंपडलं, दुसरी गाडी गॅरेजात आहे, मग धंदा बंद ठेवायचा का? आणि वर म्हणतो, "गिऱ्हाइकाला कुठे कळणार आहे?" वहिनी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. तू तिला कधी धंद्यात बोलू दिलं नाहीस, आता ती काय बोलणार?

मी विटाळाचं म्हणत नाहीये. भाड्याची गाडी आणा, नाहीतर गिऱ्हाइकाला सांगून दूध द्या. यात डोकं फिरल्यासारखं काय आहे? तुझी सून म्हणते, काका, तुम्ही पडून राहा.

काळजी मलाही आहे. गिऱ्हाइकं तुटली तर? बाबांपासूनचा धंदा माझ्या तोंडाने बुडाला तर?

तरी उद्या ड्रायव्हरशेजारी मी बसणार आहे. प्रत्येक हॉटेलच्या दारात उतरून मालकाला सांगेन, या गाडीतून माझ्या भावाला नेलं होतं, दूध चालेल का? हो म्हणाला तर उतरवू, नाही म्हणाला तर परत आणू. पण विचारल्याशिवाय एकही कॅन खाली येणार नाही, दादा. हा माझा शब्द.

तुझा धाकटा,
वसंत