बैलाने अंग झाडलं का?

प्रिय आईस,
तेंडेकायचा टाळी वाजवून नमस्कार.

मिशनच्या शाळेत माझी मास्तरकी मजेत चालली आहे. शेंगा पोचल्या. तुझा खोकला कसा आहे?

थोरल्या काकांचा निरोप मिळाला. बाबांचा आत्मा घरी आणायला बैलाच्या पाठीवर नाचणीची दारू ओतली, तरी बैलाने अंग झाडलं नाही. म्हणजे बाबा आलेच नाहीत. "बाप मरताना पाद्र्याकडून त्याचं नाव बदलून घेतलंस ना? आता भोग!" असं काका म्हणाले म्हणे. आई, बाप्तिस्मा बाबांनीच मागितला होता. तू उशाशी होतीस. मग काकांना तसं का सांगितलं नाहीस?

काकांनी बाबांना 'मुशाया' या जुन्या नावानेच हाक मारली असणार. पुढच्या वेळी 'अ‍ॅम्ब्रोज'ही म्हणा. बाबा कुठल्या नावाला ओ देतील, कुणी सांगावं?

रविवारी मृतांसाठी प्रार्थना करताना मीही दोन्ही नावं घेतली. फादर मध्येच थांबले. "मास्तर, ते जुनं नाव आपण धुऊन टाकलं होतं ना?" म्हणाले. उद्या बोलावलंय. नोकरीची काळजी करू नकोस.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला ठाऊकच आहे. तरी पुन्हा दारू ओताल तेव्हा बैलाने अंग झाडलं तर लगेच कळव.

नाही झाडलं, तर कळवू नकोस.

तुझाच,
तेंडेकाय