गाडी दारात थांबवू नकोस

पोल्ताव्हा, ६ मार्च २०२४

ति. मोत्रियाताईस,
झीनाचा सा. न. वि. वि. साष्टांग घालायला कंबर वाकत नाही, तेव्हा कागदावरचा गोड मानून घे.

तुमच्या गावात फोनला रेंज फक्त दफनभूमीच्या टेकडीवर, आणि तिथं बोललेलं मेलेले सोडून सगळे ऐकतात. म्हणून हे पत्र पावाच्या गाडीबरोबर.

वीस वर्षं मोठ्या इस्पितळात वेड्यांच्या वॉर्डाच्या किल्ल्या सांभाळल्या, आता बढती मिळाली: किल्ल्याच नाहीत. एक डॉक्टर, एक मानसतज्ज्ञ पोरगी, मी आणि एक गाडी. माणसाला इस्पितळात आणण्याऐवजी आम्हीच त्याच्या घरी जायचं. लढाईनं निम्म्या देशाची झोप उडवलीय, खाटा कुठवर पुरणार?

काल मंगळवारी तुमच्या गावात होतो. गाडीवर हातभर अक्षरांत ‘मानसिक आरोग्य’ लिहिलंय. दिवसभरात एकच म्हातारी आली. तिला वाटलं, आम्ही कोंबडीची पिल्लं विकतो. नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, मग रस्ता कशाला अडवलाय.

तुझ्या नेस्तोरचं सांग. आघाडीवरून येऊन सात महिने झाले. नाताळातसुद्धा पोरगा तळघरातून वर आला नाही. तू म्हणालीस, सर्दी. ताई, मी नर्स आहे. पुढच्या खेपेला गाडी तुझ्याच दारात आणते.

तुझ्या शिव्यांची भुकेली,
झीना

वेर्बिव्का, ९ मार्च

चि. झीनास,
अ. आ. (गाडीला नाहीत.)

दारात थांबवलीस तर बहीण मेली समज. त्या लोकांच्या वहीत नाव चढलं की माणूस संपला. पाव्लोमामा आठव. एकदा डॉक्टरपुढं जाऊन रडला, तर जन्मभर ट्रॅक्टरचा परवाना नाही, आणि मेल्यावरही गाव त्याला वेडा पाव्लोच म्हणतं.

माझ्या पोराच्या पायात छर्रे आहेत, डोक्यात नाहीत. तळघरात राहतो, कारण तिथं बटाटे टिकतात तसा तोही टिकतो. बोलत नाही, तर त्याचा बाप तरी कुठं बोलायचा? नोव्हेंबरात एकदा विहिरीचा दोर मागितला. मी सांगितलं, तुटला. विषय संपला.

आता अक्कल शिकवते ती घे. युक्रेनमध्ये वेड कुणालाच लागत नाही, प्रत्येकाला असतं ते प्रेशर. प्रेशर मोजा, थडग्यातले उठून येतील. फक्त माझ्या गल्लीत नको.

मायेला खंड नको, येण्याला असू दे.
मोत्रिया

पोल्ताव्हा, २० मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि. तुला आमच्या डॉक्टरच्या जागी नेमायला हवं.

गाडीवरच्या अक्षरांवर चादर टाकली, ‘प्रेशर मोजून मिळेल’ असा पुठ्ठा टांगला, तर रांग दुकानापर्यंत. दंडाला पट्टा बांधला की माणसाला पळता येत नाही, मग तो बोलतो. तुमच्या सरपंचबाई स्टेपानिदा म्हणाल्या, सायरन वाजला की प्रेशर चढतं. मग बेपत्ता जावयासाठी पाऊण तास रडल्या. उठताना मलाच दम दिला, की हे रडणं प्रेशरचं आहे, तसंच लिही. लिहिलं. शेवटी डॉक्टरनं स्वतःचं मोजून घेतलं. गावात सगळ्यांत जास्त त्याचंच निघालं.

थट्टा पुरे. दोराचं तीनदा वाचलं. पाव्लोमामाचे दिवस गेले, ताई. आमच्याशी बोलून परवाना जात नाही. न बोलता पोरगा जाईल. पण घरच्यांनी बोलावल्याशिवाय दारात जायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. दारं फोडणं आम्ही इस्पितळातच ठेवून आलोय. तेव्हा हो म्हण. लवकर म्हण.

वाट पाहून मान मोडलेली,
झीना

वेर्बिव्का, २३ मार्च

ति. झीनामावशीस,
नेस्तोरचा शि. सा. न.

आई तुझी पत्रं चुलीत घालते, पण आधी मोठ्यानं वाचते. तळघरात सगळं ऐकू येतं.

मी बरा नाही. पण ती तरी कुठं बरी आहे? नोव्हेंबरपासून तळघराच्या पायरीवर बसून असते, तो दोर शालीखाली दडवून. मी कूस बदलली की विचारते, जागा आहेस का. म्हणजे तीही जागीच. दोर कशाला हवा होता, ते तिनं बरोबर ओळखलं. पुन्हा मागितला नाही. आईला ओलांडून मरायला जायचं म्हणजे आधी तिच्या शिव्या खायच्या. पण आता पायरीवर बसल्या बसल्या तिचा तोल जातो.

माझ्यासाठी ती गाडी येऊ देणार नाही. तिचं प्रेशर मोजायला ये. मी बोलावतोय, मीही घरचाच आहे. पट्टा मी धरीन.

तुझा,
नेस्तोर

वेर्बिव्का, २८ मार्च

चि. झीनास,
अ. आ. या वेळी गाडीलासुद्धा.

माझ्या दारात येऊन माझंच प्रेशर मोजलंस, चोरटे. दोनशेच्या घरात निघालं, म्हणून तुझ्या डॉक्टरनं प्रेशरच्या गोळीबरोबर झोपेचीही काढली. मी म्हटलं, मी झोपले तर पायरीवर कोण? तेव्हा पट्टा धरून उभा असलेला माझा मुका पोरगा बोलला.

“आई, आज मी बसतो.”

तुम्ही त्या मानसतज्ज्ञ पोरीला आमच्याकडे मुक्कामाला ठेवलंत आणि दोर घेऊन गेलात, ते बरं केलंत. पोरीनं माझी खारवलेली काकडी बरणीभर संपवली, पण त्याच्याशी बोलत राहिली. डॉक्टरशी तो तासभर काय बोलला ते मला सांगत नाही. शुक्रवारी पुन्हा या म्हणालाय. तो म्हणालाय, मी नाही.

आता कालचं ऐक. पाच महिन्यांची झोप एकदम आली. दुपारचे बारा वाजले तरी मी उठेना. गाय धारेसाठी अशी हंबरली की शेजाऱ्यांना वाटलं मी गेले. स्टेपानिदासकट पंधरा बाया फाटकाशी गळे काढायला जमल्या. मयताच्या जेवणातल्या सूपला बीट किती लागतील, असं एकीनं विचारलंही. तर म्हणे नेस्तोर भर उन्हात अंगणात आला. दाढी छातीपर्यंत, पाय ओढत, हातात चरवी. सात महिन्यांत कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

“हळू बोला,” तो म्हणाला. “आई झोपलीय.”

हे सगळं स्टेपानिदानं सांगितलं, ती खोटारडी आहे हे तू जाणतेसच. मला विचारू नकोस. मी झोपले होते.

जीव आहे तोवर लोभ आहेच,
मोत्रिया