तीन भोकांचं नाणं

पहूर, ता. ३ सप्टेंबर

ती. सौ. नूतन अक्कास,

तुझ्या दिपीचा वाकून नमस्कार. भाऊजी, तुझ्या सासूबाई, तुझा गुडघा आणि ती मारकी म्हैस, बठ्ठे बरे असतील असं धरून चालते. आम्ही पण बरे. चिमीला वरचे दोन दात आले, त्यातला एक तिने माझ्याच खांद्यावर पहिल्यांदा वापरून पाहिला. तिचे पप्पा बरे. माझी सासू तर आपल्या सगळ्यांपेक्षा बरी.

या आठवड्यात तुझे किती फोन आले, मी एकही उचलला नाही. राग मानू नको. (म्हणजे मान, पण पत्र पुरं वाचून मान.) तुझा फोन कायम स्पीकरवर, शेजारी तुझ्या सासूबाई, आणि तू व्हिडिओ लावला की पहिलं म्हणते, "दाखव गं, माझं नाणं कुठंय?" मग मी कॅमेरा चुलीकडे फिरवते. चार वेळा चूल दाखवली तुला. पाचव्यांदा काय दाखवू? म्हणून किराण्याच्या वहीचं पान फाडून लिहिते आहे. आमच्या गल्लीतला झुलाल केळीच्या गाडीवर तुमच्या शिंदखेड्याला येतो आहे, त्याच्या हाती देते. मी सातवी शिकलेली, लिहिण्यात चुका होतील, पण या महिन्यात ज्या चुका केल्या त्यापुढे या काहीच नाहीत.

अक्का, तुझं नाणं मी खराब केलं. आधीच सांगून टाकते, नाहीतर पान संपेल आणि माझी हिंमत पण. तू माझ्याशी बोलणं सोडशील, याचीच धास्ती आहे. दुसरं कोण आहे मला माहेरचं?

तुझं लग्न झालं त्या पहिल्या धनतेरसला तू ते नाणं जळगावहून आणलं होतं. एका बाजूला कमळावर बसलेली लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला भारताचा नकाशा आणि त्यात रंगीत तिरंगा. पहिल्या लेकराच्या पाळण्यात ठेवायचं म्हणाली होतीस. आठ वर्षं कापसात गुंडाळून कुंकवाच्या डबीत ठेवलंस, आणि चिमीच्या बारशाला डबीसकट माझ्या हातात दिलंस. "जसं आहे तसं ठेव, हिच्या लग्नात काढ," एवढंच म्हणालीस आणि भांडी घासायला निघून गेलीस. मी कबूल केलं होतं. देवासमोर केलं होतं.

झालं असं की श्रावणात चिमीला ताप आला. तीन दिवस पोर नुसती रडे, दूध घेईना, मान एका बाजूला टाकून कुंथे. माझी तर बुद्धीच गेली. समोरच्या मंदाबाई आल्या (बोलवावं लागत नाही त्यांना). म्हणाल्या, "व माय, नजर लागली पोरीले. चांदीचं नाणं टोचून काळ्या दोऱ्यात घाल गळ्यात." घरात चांदीचं नाणं एकच. मी डबी पदराखाली घेतली आणि चुडामण सोनाराकडे गेले.

चुडामणने विचारलं, "ताई, भोक कुठं पाडू?" मी म्हटलं, लक्ष्मीच्या डोक्यावर, म्हणजे डोक्याच्या वर, डोक्यात नाही. त्याने बरोबर पाडलं. पडलेला चांदीचा भुगा सुद्धा कागदाच्या पुडीत बांधून दिला, इमानदार माणूस. मी दोरा ओवला, चिमीच्या गळ्यात घातला, मीठ-मोहरी ओवाळली. छान दिसत होतं गं. तुला फोटो पाठवणार होते.

मग आला पंधरा ऑगस्ट. अंगणवाडीत झेंडावंदन, चिमीला पांढरा फ्रॉक घालून मी पुढच्या रांगेत. तेवढ्यात नाणं फिरलं आणि अंगणवाडीच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "दिपमाला, तुझ्या पोरीच्या गळ्यात झेंडा उलटा आहे." बघते तर खरंच! हिरवा वर, केशरी खाली, आणि अख्खा भारत डोक्यावर उभा. लक्ष्मी सरळ लोंबत होती आणि देश उलटा. चार पावलांवर बंदोबस्ताचा पोलीस. मला वाटलं, आता मला नेतात, चिमीला कोण पाजेल? मी नाणं मुठीत दाबून धरलं. जनगणमन पुरं होईपर्यंत सोडलं नाही. पोलीस जवळ आला आणि म्हणाला, "ताई, लेकराचा गळा सोडा. काळंनिळं पडू ऱ्हायलं ते."

तडक चुडामणकडे. तो म्हणे, "छापच तसा असतो ताई, इकडे डोकं तिकडे पाय. खाली दुसरं भोक पाडतो, तिथून लटकवा." पाडलं. झेंडा सरळ झाला. संध्याकाळी सासूबाई दिवा लावायला आल्या, त्यांचं लक्ष गेलं, आणि जो आरडाओरडा! "लक्ष्मी उलटी टांगली हिनं! घर बुडवती का माझं!" मग मी काय केलं, घरात असताना वरच्या भोकातून लक्ष्मी सरळ, बाहेर निघताना दोरा काढून खालच्या भोकातून झेंडा सरळ. दारात उभी राहून ओवत बसायचे. दहा दिवस असे काढले. एकदा घाईत विसरले आणि रेशनच्या दुकानात लक्ष्मी सरळ घेऊन गेले, तर पूर्ण वेळ भिंतीकडे तोंड करून उभी. चिमीचे पप्पा हसून लोळायचे बाकी राहिले. म्हणे, "बाजूला तिसरं पाड. दोघंही आडवे झोपतील, कोणाचाच अपमान नको." ते थट्टेत म्हणाले गं. मी खरंच पाडून आणलं. आता लक्ष्मी कुशीवर झोपलेली आहे आणि भारत पण झोपलेला आहे, आणि तुझं आठ वर्षं कापसात ठेवलेलं नाणं सदऱ्याच्या बटणासारखं दिसतं.

ताप मधे उतरला होता, तो परत आला. मग यांनी गाडी काढली आणि जामनेरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानात बॅटरी मारली. कान पिकला होता पोरीचा. मान म्हणूनच टाकत होती. थेंब दिले, दोन दिवसांत खडखडीत. म्हणजे नजर नव्हतीच अक्का. तीन भोकं फुकट गेली. आधी कान बघितला असता तर! पोर रडत होती आणि मी सोनाराच्या ओट्यावर बसले होते, हे आठवलं की घास उतरत नाही.

सगळ्यांना नमस्कार सांग. म्हशीपासून जपून.

तुझी,
दिपी

ता. क. हे पत्र तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवू नको. विचारलं तर सांग, दिपीने शेवयांची कृती विचारली.

ता. क. दुसरं. वर मी एक गोष्ट अर्धी लिहिली. नजर लागली असं मंदाबाई म्हणाल्या ते खरं, पण कोणाची तेही म्हणाल्या. "जिच्या पोटी नाही तिनं दिलेली वस्तू आहे ती. तिचा जीव त्यात अडकलेला. टोच, म्हणजे सुटंल." तुझं नाव घेतलं त्यांनी. आणि मी त्यांना घराबाहेर काढलं नाही. मी डबी उचलली आणि गेले. तीन भोकांपेक्षा हे मोठं आहे, म्हणून फोन उचलत नव्हते. घाबरले होते, एवढंच सांगू शकते. तू मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलीस, आणि तुझीच नजर मला वाईट वाटली.

ता. क. तिसरं. दसऱ्याआधीच्या रविवारी चिमीचं जावळ आहे. मामाच्या मांडीवर बसवतात, आपल्याला भाऊ नाही. सासूबाई म्हणत होत्या, यांच्या मावसभावाला बोलवू. मी म्हटलं, पोर नूतन अक्काच्या मांडीवर बसेल, नाहीतर जावळ होणार नाही. मंदाबाईंसमोर म्हटलं. तू ये. बोलायचं नसेल तर बोलू नको, नुसती ये आणि बस. साडी मात्र जुनी नेस. मांडीवर बसली की ती हमखास मुतते, आणि मी तिला उचलायला येणार नाही.