पाचव्या खिळ्यावरचा बिल्ला

सोमवार, ३ मार्च २००८
आधी दुरुस्ती. शनिवारी रुजू झाल्यावर इथं लिहिलं होतं की कुपीच्या झाकणाशेजारी चार खिळे आहेत. पाच आहेत. पाचवा नवा, माझ्यासाठी ठोकलेला. चुकीचं वाईट वाटलं, पण आनंद जास्त झाला.

काम छान आहे. शिरूरजवळच्या या शेडमध्ये एक अंतराळकुपी आहे, एकदा वर जाऊन, जळत खाली येऊन, समुद्रातून काढलेली. तीच पुन्हा पाठवायची. तिच्या अंगावर उष्णता अडवणाऱ्या फरश्या चिकटवल्यात. लाकडी हातोडीनं एकेक वाजवायची आणि आवाजावरून सुटलेली ओळखायची. शाळेच्याही आधी आप्पांनी मला मांडवगणला, घोड नदीच्या वाळूत, कलिंगडं अशीच वाजवायला शिकवली: दोन ठोके, थांबायचं, एक ठोका. आमच्या घरच्यांशिवाय कुणी असं वाजवत नाही. सुपरवायझर मारुतराव हसून म्हणाले, "साधना, हे पिकलं की सांग गं, फोडू."

नियम एकच. आत उतरणाऱ्या बाईनं आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आली की काढायचा. खिळे रिकामे दिसल्याशिवाय झाकण लागत नाही. माझा बिल्ला अजून कोरून यायचाय.

बुधवार, ५ मार्च
आज झाकण लागलं. रजिस्टरात सही माझी. त्याआधी पाचव्या खिळ्यावर एक बिल्ला दिसला, काजळीनं काळा, नंबर दिसेना. परक्याची वस्तू आपल्या खुंटीवर राहिली तर नेऊन द्यायची, ही घरची शिकवण. तो ऑफिसात, बिल्ले सांभाळणाऱ्या पिंकीच्या टेबलावर ठेवला आणि लिहिलं: खिळे रिकामे. आता आत नायट्रोजन भरून दहा दिवस गळती पाहणार.

गुरुवार, ६ मार्च
चांगुणाबाई आल्या नाहीत. आतली सफाई त्याच करतात. सोबतच्या मालनबाई म्हणाल्या, केडगावला बहिणीकडं गेली असंल, सांगून कवा जाती ती? पण त्यांना बाहेर पडताना कुणी पाहिलेलं नाही. मी आत डोकावले नव्हते. तो काळा बिल्ला त्यांचाच असला तर? त्या वायूत माणूस काही मिनिटंही जगत नाही.

शनिवार, ८ मार्च
जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद होता. फरशी वाजवली. आतून ठोके आले. मारुतरावांच्या पाया पडले, उघडा म्हणून. त्यांचं म्हणणं, धातू आवाज करतो. उघडलं तर चाचणी पहिल्यापासून, उड्डाणाची तारीख गेली. "कलिंगडात बी कुणी बसतं व्हय?"

सोमवार, १० मार्च
चांगुणाबाई आल्या! केडगावलाच होत्या. त्यांचा चार नंबरचा बिल्ला कमरेला. मी गळ्यात पडून रडले. "आगं बया, मी मेले व्हते काय?" सगळ्या हसल्या. मीही.

सुट्टीत कान लावला. दोन ठोके. थांबून, एक.

मंगळवार, ११ मार्च
चारही बायका बाहेर आहेत. तीनदा मोजल्या. ठोके थांबत नाहीत. मग आत —

गुरुवार, १३ मार्च
पिंकीनं माझा नवा बिल्ला दिला. पाच नंबर. कोरणाऱ्याचा हात घसरलाय, पाचाचं शेपूट वाकडं. तो काळा बिल्ला मागून घेतला, चिंचेनं घासला. पाच. शेपूट वाकडं. कडा वितळलेल्या, जळत खाली आलेल्या कुपीसारख्या —

दोन्ही हातात धरून बसले.

शुक्रवार, १४ मार्च
मारुतराव रजा घे म्हणतात. उद्या वायू सोडून, झाकण न उघडता, कुपी दौंडला रेल्वेत चढवणार. ठोके मंद झालेत. आत जी कुणी आहे — सही माझी आहे. आप्पांचे ठोके मला सोडून कुणाला —

वायू सुटला की ट्रक येईस्तोवर झाकण उघडायचं. आत उतरायचं. नियमाप्रमाणे बिल्ला अडकवून. पाचव्या खिळ्याला. कुणी नीटनेटकेपणानं तो काढू नये, म्हणून इथं लिहून ठेवते: शनिवार, १५ मार्च, सकाळी सात, आत मी —